लॅपटॉप चालू होत नाही? चार्जर घेऊनच या

सकाळी शटर वर केलं की पहिला फोन बहुतेक हाच असतो: "रात्री व्यवस्थित बंद केला होता, आता चालूच होत नाही. खर्च किती येईल?" आम्ही फोनवर आकडा सांगत नाही, याचा काहींना राग येतो. पण त्या तक्रारीमागे सैल केबलही असू शकते आणि जळलेला मदरबोर्डही. मशीन न बघता सांगितलेला खर्च तुमच्याही कामाचा नाही.

मात्र येताना चार्जर बरोबर आणा. रोज वापरता तोच, आणि अॅडॅप्टरपासून प्लगपर्यंतच्या केबलसकट. "तुमच्याकडे असतीलच की चार्जर" असं बरेच जण म्हणतात. असतात. आमच्या चार्जरवर लॅपटॉप लगेच सुरू होतो, तुम्ही तो घरी नेता आणि संध्याकाळी पुन्हा फोन येतो, कारण बिघाड तुमच्या चार्जरमध्येच होता. गुहागरहून एसटीने चिपळूणला आलेल्या माणसाचा दुसरा दिवसही त्यात जातो. ही फेरी वाचावी, एवढ्यासाठीच हे पत्रक छापलं.

डेलच्या गोल पिनच्या मधोमध एक बारीक सुई असते. चार्जर कोणता आहे, ते लॅपटॉपला तिच्यावरून कळतं. ती वाकली किंवा आतली तार तुटली, तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही. एक दिवस चार्जर काढल्याबरोबर मशीन बंद पडतं आणि माणूस नवी बॅटरी घ्यायला येतो. चार्जर सोबत असेल तर दोन मिनिटांत उलगडा होतो.

टाइप-सीवाल्यांची गंमत वेगळी. मोबाइलचा चार्जर त्यात बसतो, म्हणून लावला जातो. पण अशा बहुतेक लॅपटॉपना ४५ किंवा ६५ वॅट लागतात. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर मोबाइलच्या १८ वॅटच्या चार्जरवर बरेच लॅपटॉप उठतच नाहीत.

निघण्याआधी घरी एवढं करून बघा. ज्या बोर्डात चार्जर लावता, तिथे आधी टेबललॅम्प लावून वीज येते का पाहा. मग लॅपटॉपचा चार्जर, माऊस, पेनड्राइव्ह सगळं काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. पॉवरचं बटण सलग ३० सेकंद दाबून धरा. नंतर फक्त चार्जर लावा, पंधरा मिनिटं थांबा आणि बटण एकदाच दाबा. पावसाळ्यात वीज ये-जा करते तेव्हा मदरबोर्डावरचा वीज सांभाळणारा कंट्रोलर कधीकधी अडकून बसतो. उरलेली वीज निघून गेली की तो नव्याने सुरू होतो. काउंटरवर एवढंच करून लॅपटॉप सुरू झाला, तर आम्ही पैसे घेत नाही.

पंखा फिरतोय, कॅप्सलॉकचा दिवा लागतोय, पण पडदा काळा आहे? मग लॅपटॉप चालू आहे, फक्त दिसत नाही. टॉर्च तिरका धरून पडद्यावर पुसट चित्र दिसतं का बघा, किंवा एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. आपल्याकडच्या दमट हवेत रॅमचे संपर्कही खराब होतात. बऱ्याचदा ते साफ करून रॅम पुन्हा बसवली की काम होतं.

चहा किंवा पाणी सांडलं असेल तर वरचं काहीही करू नका. भिंतीवरचं बटण बंद करा, चार्जर काढा, लॅपटॉप उपडा करून तसाच घेऊन या. तांदळात ठेवणं, उन्हात वाळवणं, "चालतोय का" म्हणून बटण दाबणं टाळा. जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडे आलेल्या मशीनपैकी जी चालू न करता आणली गेली, त्यांचंच काही वाचवता आलं. टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग लगेच थांबवा आणि वर दाब देऊ नका.

तपासणीचे ३०० रुपये आम्ही आधी घेतो आणि दुरुस्ती केली तर बिलातून वजा करतो. लॅपटॉप उघडून, मदरबोर्डावर मीटर लावून विजेचा एकेक मार्ग तपासण्यात तास-दीड तास जातो, बिघाड सापडो वा न सापडो. बदललेला जुना भाग तुमच्या हातात परत देतो. चार्जर मात्र फुकट तपासतो, आणि नवा लागलाच तर योग्य व्होल्ट-वॅटचा, वॉरंटीसह इथेच मिळेल.

चार्जर दुकानात बदलला जाईल, या भीतीने काही जण तो आणत नाहीत. एका ग्राहकाला आधी दुसरीकडे तसा अनुभव आला होता, त्यामुळे ती भीती आम्हाला समजते. म्हणून तुमच्यासमोरच चार्जरवर नावाची चिकटपट्टी लावतो आणि त्याचा क्रमांक पावतीवर लिहून देतो. परत नेताना तो क्रमांक जुळवून घ्या.