ब्रेक वाजतायत? पॅड नंतर बदला

ब्रेक वाजायला लागले की गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो तो पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे तुकडे, बदलण्याचा. गाडी चार-पाच वर्षांची असेल तर तो बहुतेक वेळा बरोबरही असतो. पण रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत पंधरा-वीस पावसाळे काढलेली मारुती 800 असेल, तर नवे पॅड टाकूनही थोड्याच दिवसांत आवाज पुन्हा हजर होतो. अशा गाडीत दोष पॅडचा कमी आणि पॅडला नीट हलू न देणाऱ्या गंजाचा जास्त असतो.

लोखंड गंजलं की ते फुगतं. तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा व्यापतो. समुद्राकाठच्या इमारतींमध्ये आतली सळई गंजून स्लॅबचे पोपडे पडतात, ते याचमुळे. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे हे काम पाऊस नसतानाही चालू राहतं. कॅनडात राहणारी मराठी मंडळी हेच हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठामुळे भोगतात.

आता हे ब्रेकमध्ये बघा. पुढच्या चाकातले पॅड एका लोखंडी चौकटीत बसवलेले असतात आणि त्यांना पुढे-मागे सरकायला जेमतेम जागा असते. चौकटीवर गंजाचा थर चढला की पॅडचे कान, म्हणजे चौकटीत बसणारी टोकं, चिमटीत सापडतात. पाय काढल्यावर पॅड मागे सरकत नाही, डिस्कला घासत राहतो, तापतो आणि वाजतो. नवा पॅड त्याच गंजलेल्या चौकटीत ठोकून बसवला तर दुखणं जिथल्या तिथेच.

निदान करताना आवाज कसा येतो यापेक्षा कधी येतो, हे आधी ऐकावं. मोकळ्या रस्त्यावर काच खाली करून ताशी 20 किलोमीटरने जा. मारुती 800 चं बारा इंची चाक एका फेरीत साधारण 1.6 मीटर जातं, म्हणजे या वेगाला सेकंदाला जवळजवळ साडेतीन फेऱ्या होतात. खरखर याच ठेक्यात येत असेल आणि वेग कमी करताच ठेकाही संथ होत असेल, तर फिरणारी एखादी जागा दर फेरीला कशाला तरी लागते आहे. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत हे हमखास होतं: पॅड जिथे टेकलेला होता तिथे डिस्कवर त्याच आकाराचा गंजाचा चौकोन उमटतो. डिस्कच्या कडेला, जिथे पॅड पोचतच नाही, तिथे गंजाची उंच कड तयार होते, तीही घासते.

किंचाळण्याचं गणित वेगळं आहे. पॅड आणि डिस्क एकमेकांना क्षणभर धरतात, सोडतात, पुन्हा धरतात आणि त्यातून डिस्क, पॅड आणि पॅडना डिस्कवर दाबणारी पकड, म्हणजे कॅलिपर, असा सगळा संच आपल्या नैसर्गिक कंपनसंख्येने थरथरू लागतो. ही कंपनं सेकंदाला एक हजारापासून पंधरा-सोळा हजारांपर्यंत असू शकतात, आणि त्यातल्या तीन-चार हजारांच्या आसपास आपला कान सगळ्यात तिखट असतो. म्हणून एवढीशी थरथर अख्ख्या गल्लीला ऐकू जाते. गाडी थांबत आली तरी या आवाजाची पट्टी फारशी उतरत नाही. खरखर आणि किंचाळणं वेगळं काढायला माझ्या मते याहून सोपी खूण नाही.

पावसाळ्यात सकाळच्या पहिल्या चार-दोन ब्रेकला खर्र झालं आणि मग गप्प, तर काही करू नका. बिडाची डिस्क एका रात्रीत तांबूस होते आणि पॅडच ती घासून साफ करतो.

ब्रेक न दाबताही पत्रा घासल्यासारखा किणकिणाट येत असेल, तर डिस्कमागचा धूळ अडवणारा पातळ पत्रा तपासा. तो गंजून वाकतो किंवा त्यात खडा अडकतो. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घुंई मात्र बहुधा बेअरिंगची. तिचा ब्रेकशी संबंध नाही.

खरी गोष्ट चाक काढल्यावर कळते. सपाट जागा, दुसऱ्या चाकांना दगड, आणि जॅकच्या जोडीला एक पक्का स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. डिस्कच्या दोन्ही बाजू बघा. आतली बाजू घासून चकचकीत आणि बाहेरची तपकिरी, चट्ट्याचट्ट्यांची असेल, तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या जाम झाल्या आहेत. कॅलिपरमधला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, आतल्या पॅडला ढकलतो आणि कॅलिपर सरकून बाहेरच्या पॅडला ओढून आणतो; पिन जाम म्हणजे सगळं काम एकट्या आतल्या पॅडवर. तो पार झिजतो, बाहेरचा मात्र जाडजूड राहतो. गॅरेजवाल्याने बाहेरूनच डोकावून ‘पॅड चांगले आहेत’ म्हटलं, तर ते का पटवून घेऊ नये, हे इथे कळतं.

उपाय कष्टाचा आहे, महागडा नाही. पिना आणि चौकट तारेच्या ब्रशने पांढऱ्या धातूपर्यंत साफ करायची, पिनांना रबर न खाणारं, उष्णता सोसणारं ब्रेकचं ग्रीस लावायचं. पॅड बोटाने सरकला पाहिजे. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला तेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे चुकूनही नको. आवाज जाईल, पण ब्रेकही जाईल. धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या अस्तरात, ॲस्बेस्टॉस असू शकतं.

मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम, म्हणजे आतून लायनर घासणारे लोखंडी डबे असतात, त्यांचं थोडक्यात. पावसात हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी सकाळी ‘टक्’ करून सुटते, ते लायनर ड्रमला गंजाने चिकटल्यामुळे. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून, चाकाला दगड लावून हँडब्रेक सोडलेला बरा.

चाक निघालंच आहे तर ब्रेक ऑइलच्या लोखंडी नळ्यांवरून टॉर्च फिरवा, विशेषतः जिथे त्या क्लिपने धरल्या आहेत तिथे. वरवरची तांबूस छटा चालेल. पण पापुद्रे सुटत असतील किंवा नळी कुठे ओलसर दिसली, तर ती खरवडून बघू नका आणि गाडी चालवतही नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलावून नळी बदलून घ्या.