तरुणांसाठी मोफत निरोध व लैंगिक आरोग्यसेवा (भारत)

उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, सरकारी रुग्णालये आणि आशा कार्यकर्ती यांच्यामार्फत निरोध (कंडोम) पुरवणारी आणि त्याच्या जोडीने वयात येणे, गर्भधारणा, गुप्तरोग व एचआयव्ही यांविषयी सल्ला, तपासणी व उपचार देणारी सार्वजनिक सेवा. या नावाची एकच एक योजना अस्तित्वात नाही. कुटुंब नियोजन, एड्स नियंत्रण आणि किशोर आरोग्य अशा तीन कार्यक्रमांची कामे मिळून ही सेवा बनते. तिन्हींची उद्दिष्टे निराळी असल्यामुळे अविवाहित तरुणाला ती सलगपणे क्वचितच मिळते. निरोध फुकट मिळतो. तो मागायचा कोणाकडे, हा खरा प्रश्न असतो.

पूर्वपीठिका

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला तेही हेच वर्ष, म्हणजे मुंबई या बाबतीत लंडनच्या मागे नव्हती. कर्वे यांना मात्र या कामापायी विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली आणि पुढे अश्लीलतेच्या आरोपाखाली खटलेही सोसावे लागले. त्यांतल्या एका खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. लैंगिक सुख आणि संतती या गोष्टी वेगळ्या मानाव्यात, ही कर्वे यांची भूमिका होती. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारी कार्यक्रमाने त्यांची साधने स्वीकारली, भूमिका स्वीकारली नाही.

१९५२ मध्ये भारताने राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रम हाती घेतला. ‘निरोध’ हा सरकारी ब्रँड १९६८ मध्ये बाजारात आला. तीन नगांचे पाकीट १५ पैशांना मिळे आणि ते खेडोपाडी पोहोचवण्याचे काम ब्रुक बाँड, लिप्टन, हिंदुस्थान लिव्हर, आयटीसी, युनियन कार्बाइड, टाटा ऑइल मिल्स अशा कंपन्यांच्या वितरणव्यवस्थेवर सोपवले होते. चहा, साबण, सिगारेट आणि बॅटरी विकणाऱ्या दुकानदाराकडेच निरोध ठेवायचा, ही कल्पना त्या काळाच्या मानाने फार धीट होती. सुरुवातीचा माल आयात केलेला होता. १९६९ पासून तिरुवनंतपुरमजवळच्या पेरूरकडा येथे हिंदुस्थान लेटेक्स या सरकारी कंपनीच्या कारखान्यात जपानी सहकार्याने उत्पादन सुरू झाले. सवलतीच्या विक्रीबरोबर सरकारी केंद्रांतून विनामूल्य वाटपही होत राहिले.

हे सारे विवाहितांसाठी होते. आजही गावपातळीवर नोंद होते ती ‘जननक्षम जोडप्यां’ची, म्हणजे पत्नीचे वय १५ ते ४९ असलेल्या विवाहित जोडप्यांची. साधने कोणाला लागतील याचा हिशेब याच यादीवरून केला जातो. २०११ पासून आशांनी साधने घरपोच द्यावीत अशी योजना आली. तीन निरोधांचे पाकीट एक रुपयाला द्यायचे आणि तो रुपया आशाने स्वतःकडे ठेवायचा, असे तिचे स्वरूप होते. नवविवाहितेला याचा उपयोग झाला. गावातल्या अविवाहित मुलाला किंवा मुलीला मात्र आशाताई म्हणजे शेजारच्या काकू किंवा वहिनी. तिच्याकडे पाकीट मागणे म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळवणे. तिने कोणाला काही सांगितले नाही तरी ही धास्ती पुरेशी असते.

एड्स नियंत्रणाचा टप्पा

१९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था (नॅको) स्थापन झाली आणि निरोधाकडे रोग टाळण्याचे साधन म्हणून पाहिले जाऊ लागले. पण वाटपाचा रोख देहविक्री करणाऱ्या स्त्रिया, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, ट्रकचालक, स्थलांतरित मजूर अशा जोखमीच्या गटांवर राहिला. कॉलेजांत रेड रिबन क्लब निघाले. एचआयव्हीविषयी जागृती आणि ऐच्छिक रक्तदान ही त्यांची मुख्य कामे. या टप्प्याचा तरुणांना झालेला खरा लाभ म्हणजे रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रे (आयसीटीसी). तेथे एचआयव्हीची चाचणी मोफत होते, आधी व नंतर समुपदेशक बोलतो आणि अहवाल गुप्त ठेवला जातो. गुप्तरोगांवरही सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार होतात. १०९७ हा मदत क्रमांक देशभर विनाशुल्क आहे. निरोधाला चिकटलेली ‘तसली माणसे’ ही प्रतिमा मात्र याच काळात घट्ट झाली, आणि औषधाच्या दुकानात आजही ते पाकीट, गिऱ्हाइकाने न सांगताच, कागदात गुंडाळून दिले जाते.

मैत्री क्लिनिक

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाला. तो १० ते १९ या वयोगटासाठी असून पोषण, मानसिक आरोग्य, व्यसने, हिंसा व अपघात, असंसर्गजन्य आजार यांच्याबरोबरीने लैंगिक व प्रजनन आरोग्य हा त्याचा एक विषय आहे. त्याअंतर्गत चालणाऱ्या किशोरस्नेही आरोग्य केंद्रांना महाराष्ट्रात ‘मैत्री’ क्लिनिक म्हणतात. पाळीच्या तक्रारी, स्वप्नदोषाची भीती, मुरुमे, हस्तमैथुनाविषयीचे गैरसमज, रक्तक्षय अशा गोष्टी घेऊन मुलेमुली येथे येऊ शकतात. निरोध, गर्भनिरोधक गोळ्या आणि तातडीची गोळी देणे हेही या केंद्रांच्या कामात येते. तातडीची गोळी (लिव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम) संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, घ्यायची असते. गावपातळीवर ‘साथिया’ नावाचे समवयस्क मित्र-शिक्षक निवडले जातात. समवयस्काशी बोलणे सोपे जाते हे खरे. पण हा साथियाही त्याच गावातला असतो.

निरोध नेहमी आणि बिनचूक वापरला तर वर्षभरात १०० जोडप्यांमागे सुमारे २ ठिकाणी गर्भ राहतो. प्रत्यक्षातल्या वापरात हे प्रमाण १३च्या आसपास जाते. या दोन आकड्यांमधले अंतर समुपदेशनाने कमी होऊ शकते. मुदतीची तारीख पाहणे, पाकीट खिशात किंवा गाडीच्या डिकीत उन्हात न ठेवणे, लेटेक्सला तेल किंवा व्हॅसलीन न लावणे, टोकाशी हवा न राहू देणे या गोष्टी कोणीतरी एकदा समोर बसून सांगाव्या लागतात. नुसती खोकी भरून ठेवल्याने हे होत नाही.

कायद्याची अडचण

बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्याशी आलेला लैंगिक संबंध, तिची संमती असली तरी, गुन्हा असतो. कलम १९ प्रमाणे अशा संबंधाची माहिती मिळणाऱ्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. निरोध देणे हा गुन्हा नाही. पण सतरा वर्षांच्या मुलीने समुपदेशकापुढे मन मोकळे केले, तर गुप्ततेची हमी आणि कळवण्याची सक्ती एकमेकींसमोर उभ्या राहतात. लैंगिक अत्याचार दडपले जाऊ नयेत म्हणून केलेली ही तरतूद समवयस्कांच्या प्रेमसंबंधांनाही तेवढीच लागू होते, आणि परिणामी ज्यांना सल्ल्याची सर्वांत जास्त गरज ती मुले दवाखान्याची पायरी टाळतात. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात गर्भपातापुरती वाट काढून दिली: अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही.

विवाहित मुलींचाही प्रश्न यातून सुटत नाही. २०१७ मध्ये याच न्यायालयाने १८ वर्षांखालील पत्नीशी ठेवलेला संबंध बलात्कार ठरवला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. म्हणजे आशाताई ज्या नव्या सुनेला निरोध व गोळ्या द्यायला जाते, तीही अनेकदा कायद्याच्या नजरेत बालकच असते.

शाळांकडून फारशी भर पडलेली नाही. २००७ मध्ये लैंगिक शिक्षणाचा अभ्यासक्रम थांबवणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने निरोधाच्या जाहिराती दूरचित्रवाणीवर रात्री १० ते सकाळी ६ याच वेळेत दाखवाव्यात अशी सूचना काढली.

इतर देशांत

इंग्लंडमध्ये सी-कार्ड नावाची पद्धत आहे. तरुणाने एकदा प्रशिक्षित व्यक्तीशी बोलायचे, कार्ड घ्यायचे आणि नंतर ठरलेल्या औषध दुकानांत किंवा युवा केंद्रांत ते दाखवून निरोध न्यायचे. पुन्हा खुलासा देत बसावे लागत नाही. पालकांच्या नकळत सोळा वर्षांखालील समंजस मुलाला सल्ला व साधने देता येतात, हे तेथे १९८५ च्या गिलिक खटल्याने मान्य झाले. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२३ पासून २६ वर्षांखालील कोणालाही औषध दुकानात निरोध मोफत मिळतो.

भारतात याच्या जवळ जाणारा एक प्रयोग एड्स हेल्थकेअर फाउंडेशन या संस्थेने एप्रिल २०१७ मध्ये केला. फोन किंवा ई-मेल केल्यास निरोध घरपोच आणि फुकट, असा हा उपक्रम होता. पहिल्या ६९ दिवसांत सुमारे ९.५६ लाख निरोधांची मागणी आली. त्यांपैकी ४.४१ लाख निरोध व्यक्तींनी स्वतःसाठी मागवले होते, उरलेले संस्थांनी. साठा लवकर संपत आल्यामुळे हिंदुस्थान लेटेक्सकडे नवी मागणी नोंदवावी लागली.