झेड/ओएसची मूलतत्त्वे

झेड/ओएस ही आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकांवरील प्रमुख कार्यप्रणाली असून बँका, विमा कंपन्या आणि विमानसेवा यांचे मोठे व्यवहार तिच्यावर चालतात. १९६४ मध्ये सिस्टिम/३६० यंत्रांबरोबर जाहीर झालेली ओएस/३६० ही तिची मूळ पूर्वज होय. पुढे एमव्हीएस, ओएस/३९० आणि २००१ मध्ये झेड/ओएस अशी नावे बदलली, मात्र जुने प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालत राहिले पाहिजेत हा आग्रह कायम राहिला. नवशिक्याला खटकणाऱ्या बहुतेक गोष्टींचे मूळ या आग्रहात आहे.

येथे फाइलला डेटासेट म्हणतात. त्याचे नाव टिंबांसह जास्तीत जास्त ४४ अक्षरांचे असते आणि टिंबांमधला प्रत्येक भाग ८ अक्षरांपर्यंतच चालतो. नावात उतरंड दिसली तरी फोल्डर नसतात. रेकॉर्डची रचना, लांबी आणि डिस्कवरील जागा डेटासेट तयार करतानाच ठरवावी लागते. जागेचा अंदाज चुकला, तर काम अर्ध्यावर बंद पडू शकते.

टीएसओ या संवादी सोयीत लॉगिन करून आयएसपीएफ या मेनूप्रणालीच्या पडद्यांवर वावरणे काही दिवसांत अंगवळणी पडते. खरा कस लागतो तो जेसीएलमध्ये, म्हणजे कोणते काम कसे चालवायचे हे प्रणालीला सांगणाऱ्या भाषेत. पंचकार्डाच्या ८० रकान्यांचा वारसा सांगणाऱ्या या भाषेत प्रत्येक विधान दोन तिरप्या रेघांनी सुरू होते. जॉब विधान कामाची ओळख देते, एक्झेक त्या कामाच्या एका टप्प्यात कोणता प्रोग्रॅम चालवायचा ते सांगते आणि डीडी त्याला डेटासेट जोडून देते. कोबोल या भाषेतील प्रोग्रॅमला सहसा डेटासेटचे खरे नाव ठाऊक नसते, फक्त डीडीचे नाव ठाऊक असते. त्यामुळे चाचणीच्या डेटावर तपासलेला प्रोग्रॅम एका अक्षराचाही बदल न करता प्रत्यक्ष खात्यांवर चालवता येतो. (अनुभवी माणसेही जेसीएल क्वचितच कोऱ्या पडद्यावर लिहितात, चालू जॉबची प्रत काढून तीत फेरफार करणे हीच रूढ पद्धत आहे.)

सादर केलेला जॉब जेईएस हा प्रणालीचा भाग रांगेत लावतो आणि त्याचे आउटपुट स्पूलवर, म्हणजे डिस्कवरील तात्पुरत्या जागेत, साठवतो. प्रत्येक टप्पा संपताना रिटर्न कोड देतो: ० म्हणजे ठीक, ४ म्हणजे सहसा इशारा, ८ आणि त्यापुढे चूक. हा कोड पाहून पुढचा टप्पा वगळणारा 'कॉन्ड' मात्र उलट्या तर्काने चालतो. त्यात '४, एलटी' (एलटी म्हणजे 'पेक्षा लहान') लिहिले, की आधीच्या टप्प्याचा कोड ४ पेक्षा मोठा असल्यास हा टप्पा वगळला जातो. म्हणजे अट टप्पा चालवण्याची नसून गाळण्याची असते. पुढे आलेली इफ-देन-एल्स रचना वाचायला कितीतरी सोपी आहे, पण जुन्या जॉबांतून कॉन्ड हटलेला नाही.

आयईएफबीआर१४ हा काहीही न करणारा प्रोग्रॅम या संदर्भात उद्बोधक ठरतो. डीडीच्या आधारे डेटासेट तयार करणे किंवा काढून टाकणे ही कामे प्रणाली स्वतः करते; टप्प्याला निमित्त म्हणून एखादा प्रोग्रॅम हवा, एवढ्यासाठी तो वापरतात. आरंभी त्यात परत फिरण्याची एकच सूचना होती. रिटर्न कोड प्रोसेसरमधील ज्या रजिस्टर १५ मध्ये ठेवतात, ते ती शून्य करीत नसे. म्हणून नंतर दुसरी सूचना जोडावी लागली.

सरावासाठी आयबीएमचा झेड एक्सप्लोर हा मोफत उपक्रम आहे. घरच्या संगणकावर हर्क्युलिस हा मेनफ्रेमची नक्कल करणारा एम्युलेटर घालून एमव्हीएस ३.८ चालवता येते. ती १९७० च्या दशकातील असली, तरी तिच्यावर शिकलेले जेसीएल बहुतांशी आजही चालते.