पुलाचा शून्य कुठून मोजायचा?

पोलादी पुलावरून मालगाडी गेली की गर्डरची खालची पट्टी लांबते. मीटरमागे मिलिमीटरचा दहावा हिस्सा वगैरे. डोळ्यांना यातलं काही दिसणं शक्य नाही. पण बांधकामातलं साधं पोलाद मीटरमागे साधारण सव्वा मिलिमीटर ताणलं गेलं की मूळ लांबीवर परत येत नाही, तेव्हा सगळा हिशेब या सव्वा मिलिमीटरच्या आतच करायचा असतो. लांबीतल्या फरकाचं मूळ लांबीशी असलेलं प्रमाण म्हणजे स्ट्रेन.

तार ताणली की तिचा विद्युतरोध वाढतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५६ मध्येच नोंदवलं होतं. त्यावरून स्ट्रेन मोजायला वापरता येईल असं उपकरण, म्हणजे स्ट्रेन गेज, मात्र १९३८ मध्ये अमेरिकेत आलं, तेही एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी एकमेकांच्या नकळत शोधून. आपल्या मालगाडीमुळे १२० ओहमच्या गेजचा रोध जेमतेम ०.०२४ ओहमने बदलतो. इतका बारीक फरक पकडायला व्हीटस्टन ब्रिज, म्हणजे चार रोधांची जुळणी, लागतो; बारावीच्या प्रयोगवहीतल्या मीटर ब्रिजमागचं तत्त्व तेच.

प्रयोगशाळेत गेज चिकटवतात. पुलावर दमट हवेत, वाऱ्यात, परांचीवर उभं राहून चिकटवलेलं गेज वर्षानुवर्षं टिकवणं कठीण. म्हणून कारखान्यातच ते स्टेनलेस स्टीलच्या कागदासारख्या पातळ पट्टीवर बसवून आणतात. जागेवर रंग खरवडून, ग्राइंडर मारून पोलाद उघडं करायचं आणि पट्टीच्या कडेने टिपके टिपके स्पॉट वेल्डिंग करायचं. आधी त्याच पट्टीचा तुकडा वेल्ड करून पक्कडीने उपटून बघतात. तुकड्याला भोकं पडली आणि धातूचे बारीक ठिपके पोलादावरच राहिले, तर मशीनचा जोर बरोबर लागला. तुकडा अलगद सुटून आला, तर वाढवायचा.

दुसरा प्रकार कंपन-तारेचा. दोन ठोकळे वेल्ड करायचे, ते थंड होऊ द्यायचे आणि मगच त्यांच्यात ताणलेल्या तारेचं गेज अडकवायचं. विद्युतचुंबक ती तार छेडतो. तंबोऱ्यासारखंच, ताण वाढला की स्वर चढतो. इथे रोध नाही, कंपनसंख्या मोजायची असते, त्यामुळे लांबलचक केबलने आकडा बिघडत नाही. मात्र सतत ताणाखाली असलेल्या भागावर कुठलंही वेल्डिंग करताना अभियंते कचरतात, आणि ते योग्यच आहे. तडा सुरू व्हायला तेवढी जागा पुरते.

तापमानाचीही कटकट असते. पोलाद अंशामागे मीटरला ०.०१२ मिलिमीटर वाढतं. दिवसभरात पारा वीस अंश चढला, तर उन्हाने होणारी वाढ मालगाडीच्या दुपटीहून जास्त.

पण माझ्या मते खरी मेख वेगळीच आहे. गेज बसवलं त्या क्षणी त्याचा शून्य ठरतो. पुलाने स्वतःचं वजन तोवर उचललेलं असतं आणि त्याबद्दल गेज अवाक्षर काढत नाही.

अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये मिसिसिपीवर १९६७ सालचा आय-३५डब्ल्यू महामार्गाचा पूल होता. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच्या सांगाड्याला गेज लावून वजनदार ट्रक फिरवले. वाहतुकीमुळे येणारा ताण कमी निघाला, आणि इतक्यात थकव्याचे, म्हणजे वारंवार ताण पडून जाणारे, तडे जाणार नाहीत, असं २००१ च्या अहवालात म्हटलं. ते मोजमाप चुकीचं नव्हतं. १ ऑगस्ट २००७ ला पूल कोसळून १३ जण गेले, ते दुसऱ्याच कारणाने: काही सांध्यांवरच्या जोडपट्ट्या मूळ आराखड्यातच अर्ध्या इंचाच्या होत्या, लागत होत्या दुप्पट जाड. वर्षं गेली तसं डेकचं, म्हणजे वाहनं चालतात त्या थराचं, वजन वाढलं होतं आणि त्या दिवशी डागडुजीचं सामानही पुलावरच रचलेलं होतं.

त्याच जागी सप्टेंबर २००८ मध्ये काँक्रीटचा नवा पूल खुला झाला. त्यात तीनशेहून अधिक संवेदक बांधतानाच घातले आहेत.