बदली कामगार

गैरहजर कायम कामगाराच्या जागी त्या पाळीपुरता कामावर घेतला जाणारा कामगार. ही पद्धत सर्वांत खोल रुजली ती मुंबईच्या कापड गिरण्यांत. साळखात्यातला (विणकाम विभागातला) कोणी गावी गेला किंवा आजारी पडला तरी त्याचे साचे (माग) बंद ठेवणे मालकाला परवडत नसे. त्यामुळे पाळीच्या आधी बदलीवाले गिरणीच्या दरवाजाशी येऊन थांबत. आत कोणाला घ्यायचे हे जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, ठरवी आणि त्यासाठी दस्तुरी (लाच) उकळी. ज्याला बदली मिळाली नाही त्याचा रोज बुडाला. जॉबरच्या या सत्तेला आळा घालण्यासाठी गिरणीमालक संघाने १९३५ मध्ये बदली कार्डे सुरू केली. कार्डधारकाने रोज हजेरी लावायची आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या, असा नियम झाला. काम मात्र तरीही हमखास नव्हते. वर्षानुवर्षे बदली भरूनही कायम न झालेले कामगार गिरणगावात पुष्कळ होते. बदलीवाल्यांना कायम करा, ही १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपातली एक मागणी होती.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ले-ऑफ मिळालेल्या, म्हणजे काम नसल्याने तात्पुरते घरी बसवलेल्या, कामगाराला मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई देऊ केली, पण बदली कामगाराला तीतून वगळले. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात मात्र एक मोलाची तरतूद होती: आस्थापनेत सलग एक वर्ष सेवा झाली की तो कामगार बदली मानला जाणार नाही. सलग वर्ष म्हणजे साधारणतः बारा महिन्यांत २४० दिवस प्रत्यक्ष काम. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांनीही (कारखान्यांतल्या सेवाशर्तींच्या नमुना नियमांनीही) हाच आकडा धरून बदली व तात्पुरत्या कामगारांना कायम करण्याची तरतूद केली. हंगामी कारखान्यांसाठी तो १९० दिवस होता.

पळवाट इथूनच निघाली. २४० दिवस भरत आले की ‘ब्रेक’ द्यायचा आणि काही दिवसांनी त्याच माणसाला त्याच कामावर पुन्हा घ्यायचे. हा उघड अन्याय आहे, आणि महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याने त्यावर नेमके बोट ठेवले. कायमपणाचे हक्क नाकारण्याच्या हेतूने कामगारांना वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक वा तात्पुरते म्हणून राबवणे ही त्यात अनुचित प्रथा ठरली.

सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालाने सरकारी सेवेत मागल्या दाराने कायम होण्याची वाट अडवली, तेव्हा हा कायदाही निष्प्रभ झाला असा युक्तिवाद होऊ लागला. राज्य परिवहन महामंडळाच्या आगारांत दर बसमागे तुटपुंजे पैसे घेऊन गाड्या धुणाऱ्या कामगारांच्या प्रकरणात २००९ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला: अनुचित प्रथा सिद्ध झाल्यास कायम करण्याचा आदेश देण्याचा औद्योगिक न्यायालयाचा अधिकार उमादेवी निकालाने गेलेला नाही.