दूरसंचार कंपन्यांचे विलीनीकरण (कोकण किनारा)

एकाच सेवाक्षेत्रातील परवानाधारकांचे ग्राहक, स्पेक्ट्रम (सेवेसाठी मिळालेल्या रेडिओ लहरींचे पट्टे) व यंत्रसामग्री एका कंपनीकडे येण्याची प्रक्रिया. तिचा हिशेब जिल्ह्यावर नव्हे, दूरसंचार मंडळावर (सर्कल, म्हणजे परवान्याचे सेवाक्षेत्र) होतो. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्हे गोव्यासह महाराष्ट्र मंडळात मोडतात. मुंबई मंडळ वेगळे आहे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी विलीन कंपनीच्या बाजारहिश्शावर घातलेली ५० टक्क्यांची मर्यादाही मंडळनिहाय असल्याने एखाद्या खाडीकाठच्या गावात तीनपैकी दोन सेवा एक झाल्या, तरी ते या हिशेबात दिसत नाही.

किनाऱ्यावरील पहिले विलीनीकरण कोणते, याविषयी मतभेद संभवतात. बीपीएल या मोबाइल कंपनीचे महाराष्ट्र मंडळ २००५–०६ च्या सुमारास हचिसन या कंपनीकडे गेले (२००७ पासून व्होडाफोन). परंतु हचिसनची सेवा तोवर मुंबईत असली तरी महाराष्ट्र मंडळात नव्हती, म्हणून येथील कंपन्यांची संख्या घटली नाही. त्यास मालकीबदल म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. मंडळाचा दुसरा मूळ खाजगी परवाना बिर्ला एटी अँड टी (पुढे आयडिया) हिचा होता. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोन व आयडिया एक झाल्या, तेव्हा १९९५ च्या सुमाराचे हे दोन्ही प्रतिस्पर्धी एका छताखाली आले. टेलिनॉर (२०१८) व टाटा टेलिसर्व्हिसेसचा मोबाइल व्यवसाय (२०१९) एअरटेलमध्ये गेला.

विलीनीकरणानंतर जवळजवळच्या मनोऱ्यांपैकी एकावरील यंत्रणा उतरवून ती अन्यत्र ४जी क्षमतेसाठी वापरली जाते. एकत्र आलेल्या स्पेक्ट्रममुळे बाजारपेठेच्या गावी वेग वाढू शकतो. सपाट प्रदेशात ही काटकसर फारशी जाणवत नाही. कोकणात मात्र सड्यावरचा (खडकाळ पठारावरचा) मनोरा पऱ्ह्याकाठच्या (ओढ्याकाठच्या) वाडीला दिसतोच असे नाही, आणि नकाशावर जादा ठरलेला मनोरा डोंगरापलीकडच्या वाडीचा एकमेव आधार असू शकतो. तो उतरला की रेंजसाठी सडा चढणे आले.

ग्राहकाचा क्रमांक कायम राहतो, आणि २० जानेवारी २०११ पासून तो क्रमांक घेऊन देशभर कंपनी बदलता येते. मात्र गावात दुसरी रेंज असेल, तरच या सोयीला अर्थ आहे. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ व जुलै २०२४ मधील दरवाढ काही जण घटलेल्या स्पर्धेशी जोडतात, तर काही जण कंपन्यांच्या कर्जाशी व सरकारला देय असलेल्या थकबाकीशी. दोन्ही कारणे एकत्र धरणे इष्ट. एक बंद पडले तर दुसरे असावे म्हणून ज्यांनी फोनमध्ये आयडिया व व्होडाफोन अशी दोन सिम ठेवली होती, त्यांची दोन्ही सिम पुढे एकाच जाळ्यावर आली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागात वीज व मोबाइल सेवा कोलमडली, तेव्हा अशा फोनमधले दुसरे सिम नावापुरतेच उरले होते.