पन्हाळा–पावनखिंड मोहीम : शेवट कुठे करायचा हा वाद कुठून आला

आषाढ जवळ आला की पन्हाळा–पावनखिंड मोहिमेच्या तारखा जाहीर होऊ लागतात. दोन दिवस, भर पावसात, पन्नासेक किलोमीटरची चाल. येणाऱ्याला सिद्दी जौहरचा वेढा माहीत असतो, बाजीप्रभू माहीत असतात, गोष्टीचा शेवटही पाठ असतो. तरीही खिंडीत उतरल्यावर अनेकांचे डोळे भरून येतात. मोहिमेची आखणी हळूहळू कशी घडली आणि आज ती कोणत्या प्रश्नावर अडली आहे, हे समजून घेतलं पाहिजे.

१२ जुलै १६६० ची रात्र, आषाढ पौर्णिमा. पन्हाळ्याच्या चार महिन्यांच्या वेढ्यातून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले, पण ते कोणकोणत्या वाडीवरून गेले याची टिपणं कोणी ठेवली नव्हती. राजदिंडी, म्हाळुंगे, मसाई पठार, खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, पांढरेपाणी ही आजची वाट दोन टोकं आणि मधला डोंगर बघून गावकऱ्यांच्या व चालणाऱ्यांच्या माहितीवर बसवलेली आहे. लढाई नेमकी कुठे झाली यावरही अभ्यासकांचं एकमत नाही. चांगला म्होरक्या हे निघतानाच सांगून टाकतो आणि त्याने कोणाचा उत्साह कमी होत नाही.

अशा मोहिमा सुरू होण्याआधी गडदर्शन म्हणजे सहल असायची. एसटीतून उतरायचं, तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी बघायची, सनावळ्या ऐकायच्या आणि जेवणाच्या वेळेला परत गाडीत. १९७४ मध्ये राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली, गिरिभ्रमण करणारे गट वाढले आणि गड बघण्याबरोबर गडावरून गडावर चालण्याची ओढ लागली. पन्हाळ्याच्या बाबतीत खरी कलाटणी पावसाळा निवडल्यामुळे मिळाली. सोयीचा विचार केला असता तर ही वाट डिसेंबरात ठेवली असती. त्या रात्रीचा पाऊसच मोहिमेत राहिला पाहिजे, हा निर्णय मला आजही सगळ्यांत मोलाचा वाटतो.

बाकीचं त्यातूनच आलं. मुक्काम हॉटेलात न ठेवता वाडीतल्या घरांत, शाळेत नाहीतर देवळात. जेवायला चुलीवरची भाकरी आणि पिठलं. मसाई पठारावर वारा असा अंगावर येतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पठार उतरलं की रोपलावण चाललेली भातखाचरं, बांधावरून एकामागून एक चालणारी रांग आणि घोट्याच्या वर येणारा चिखल. काही गट पालखी बरोबर घेतात. तिचा दांडा खांद्यावर घेऊन निसरड्या उतारावर थोडंसं चाललं, की ती रात्रभर पळवत नेणाऱ्या माणसांविषयी कोणी वेगळं सांगावं लागत नाही.

तारखेचा घोळ आहेच. १२ जुलै ही जुन्या युरोपीय कालगणनेतली तारीख आहे. आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे तो दिवस २२ जुलैला येतो. म्हणून काही गट गुरुपौर्णिमा धरतात, काही १२–१३ जुलै, आणि बहुतेक जण शनिवार-रविवार. नोकरदार माणसाला दुसरा इलाज नसतो. त्यावर फार भांडू नये.

भांडण्यासारखा मुद्दा शेवटाचा आहे. बहुतेक मोहिमा खिंडीतच संपतात. लोखंडी शिडीने खाली उतरायचं, ओहोळाच्या पाण्यात उभं राहायचं, लढाईचं वर्णन ऐकायचं, घोषणा द्यायच्या आणि वर येऊन बस पकडायची. याच्या बाजूने सांगितलं जातं की भावनेचा कळस इथेच आहे, पाय थकलेले असतात, सोमवारी कामावर जायचं असतं. हे खरं असलं तरी गोष्ट इथे संपत नाही. बाजीप्रभू कशासाठी थांबले होते? महाराज गडावर पोहोचावेत म्हणून. आणि विशाळगडालाही सुर्वे-दळवी या आदिलशाही सरदारांचा वेढा होता, तो फोडूनच वर जावं लागलं. महाराज पोहोचल्याची तोफांची इशारत परंपरेने सांगितली जाते, ती त्या गडावरची. बाजी आणि त्यांचे भाऊ फुलाजी यांच्या समाधीही तिथेच. खिंडीत थांबणारा माणूस मरण बघून परततो, ते कशासाठी पत्करलं हे त्याच्या पायांना कळत नाही. जुने चालणारे विशाळगडाचा आग्रह धरतात तो याचसाठी, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं.

गेल्या काही वर्षांत पारडं उलट बाजूला झुकत गेलं. २०२२ मध्ये या लढाईवर मराठी चित्रपट आला, मोबाइलवर खिंडीचे व्हिडिओ फिरू लागले आणि तरुणांचा ओढा वाढला. शंभर-दीडशेची बॅच शिडीवर एकदम आली की खाली शांतपणे उभं राहणं जमत नाही. पुढचा गट वर तिष्ठत असतो, म्हणून व्याख्यान आवरतं घ्यावं लागतं. मग जुलै २०२४ मध्ये गडावरच्या अतिक्रमणाच्या वादातून गजापूर-विशाळगड परिसरात हिंसाचार झाला. वाडीतल्या घरांचं नुकसान झालं आणि गडावर जाण्यावर निर्बंध आले. ज्या गावांच्या आसऱ्यावर ही चाल उभी आहे, त्यांतल्याच एका गावावर हे ओढवलं. याची चर्चा मोहिमांच्या आखणीत व्हायला हवी तितकी होत नाही. खिंडीतच थांबणाऱ्यांना मात्र आयतं कारण मिळालं.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत पन्हाळा आहे, विशाळगड नाही. यापुढे पन्हाळ्यावर फलक, पार्किंग, मार्गदर्शक वाढतील आणि वाटेचं दुसरं टोक आणखी मागे पडेल, अशी धास्ती वाटते. गडावर जाता येत नसेल तेव्हा निदान विशाळगडाची हकिकत पांढरेपाण्यालाच सांगून घ्यावी आणि खिंडीत उतरल्यावर कोणी बोलू नये, असं काही म्होरके सुचवतात. त्यासाठी गट तीस-चाळिसांचा ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात बसचं भाडं निघत नाही.